दोनशे एकोणऐंशी फूट

माझ्या ओल्या रंगावर पहिला बूट पडला तो हार्लन ट्रेडवेचा.

एप्रिलचा पाऊस उघडायची मी तीन दिवस वाट बघितली होती. शेवटी शुक्रवारी ऊन पडलं, आणि सकाळभर गुडघे टेकून मी दुकानाचा लाकडी ओटा हिरवागार रंगवून काढला. पाठ सरळ करायला उठते तर काय – समोरच्या बाप्टिस्ट चर्चच्या दारातून एक लांबुडका माणूस निघाला. दांड्याला लावलेलं एक चाक ढकलत, मान खाली घालून, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत तो रस्ता ओलांडून आला आणि सरळ माझ्या ओट्यावर चढला.

"ओ! डोळे फुटलेत का?"

त्याने मान वर न करता एक हात वर केला. थांबा, म्हणे! माझ्याच दारात मला थांबा! चाक दाराच्या उंबऱ्याला टेकवून त्याने वहीत काहीतरी लिहिलं.

"दोनशे एकोणऐंशी."

"काय दोनशे एकोणऐंशी?"

"फूट. चर्चच्या दारापासून तुमच्या दारापर्यंत." मग त्याची नजर खाली गेली. "हा... हा रंग ओला आहे का?"

"नाही. गवत उगवलंय!"

तो कानापर्यंत लाल झाला. पण पळाला नाही. तिथेच वाकून त्याने दोन्ही बूट काढले, हातात धरले आणि नुसत्या मोज्यांवर काठाकाठाने खाली उतरला. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. खाली जाऊन त्याने माझ्याकडे बघितलं – राखाडी डोळे, पावसाळी आभाळासारखे – आणि म्हणाला, "मी नगरपालिकेतून आलोय, मॅम. हार्लन ट्रेडवे. ब्रश द्या, मी सारखं करून देतो."

"ब्रशला हात लावलात तर ते चाक तुमच्या गळ्यात अडकवीन."

"बरं," तो म्हणाला. आणि हसला! मला त्या हसण्याचा इतका राग आला, की संध्याकाळपर्यंत तेच डोळ्यांपुढे येत राहिलं.

मी डार्ला टिप्टन. मी रागीट आहे असं पायनी फोर्डमध्ये कुणीही सांगेल, आणि त्या वसंतात माझ्याकडे रागवायला कारणंही भरपूर होती. टेनेसीतल्या या आमच्या गावात, ओढ्याकाठी, टिप्टनचं दुकान चाळीस वर्षं उभं आहे. पाव, दूध, मासेमारीची गांडुळं, बोलोन्या सॉसेजच्या तळलेल्या चकत्यांचं सँडविच, आणि बिअर. लोक येतात बिअरसाठी, जाताना पाव नेतात. बिअर नसेल तर पाव आणायलाही कुणी फिरकत नाही, हायवेवरच्या नव्या पेट्रोल पंपाच्या दुकानातच जातात सगळे, तिथे बिअरही मिळते. गेल्या चौदा नोव्हेंबरला डॅडींना गल्ल्यापाशी उभ्या उभ्या झटका आला. उजवी बाजू गेली, निम्मी वाचा गेली. मी नॉक्सव्हिलमधली नोकरी सोडून आले, आणि हिवाळाभर दुकान बंद ठेवून त्यांना चमच्याने भरवत बसले.

दुकान उघडायचं म्हटल्यावर कळलं की बिअरचा परवाना डॅडींच्या नावाचा. तो माणसाचा असतो, दुकानाचा नव्हे. मला नवा काढावा लागणार. आणि चर्चपासून तीनशे फुटांच्या आत नवा परवाना मिळत नाही! जुन्या जागांना सूट आहे, पण तिलाही एक शेपूट आहे: त्या जागेत सलग सहा महिने बिअर विकली गेली नाही, की सूट संपली. कायमची. म्हणजे चौदा मेपर्यंत माझ्या हातात परवाना हवा, आणि त्या परवान्यावर निदान एक कॅन विकलेला हवा. नाहीतर डॅडींचं दुकान मेलं.

आमच्याकडे या गोष्टी बिअर बोर्ड ठरवतं. गावातली पाच माणसं, महिन्याच्या पहिल्या मंगळवारी नगरपालिकेच्या सभागृहात बसतात. मे महिन्यातला पहिला मंगळवार सहा तारखेला होता. एकच संधी.

हार्लन सोमवारी परत आला. माझ्या अर्जाची जाहीर नोटीस दारावर लावायची होती म्हणे. चार खिळ्यांचं काम, त्याला पाऊण तास लागला. दुकान अजून उघडलं नव्हतं, पण आमच्या दोघांच्या जेवणापुरता तवा तापायचा.

"तीनशेला एकवीस फूट कमी पडतात," मी सँडविच परतता परतता म्हणाले. "चाक जरा घसरलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"चाक घसरत नाही."

"माणसं घसरतात."

"हो," तो म्हणाला, आणि माझ्या हाताकडे बघत राहिला. मी पावाला मोहरीचा सॉस दुसऱ्यांदा लावला. "मीही घसरेन कधीतरी. पण मापात नाही, मिस टिप्टन. आणि तुम्हाला गरजही नाही त्याची. तुमच्या जागेला सूट आहे. मी अहवालात तसं लिहिलंय."

"फार उपकार झाले."

"सँडविचमध्ये कांदा जास्त घालाल?"

"नाही!"

घातला. त्यानंतर तो दर दिवसाआड येऊ लागला. कधी सही राहिली म्हणून, कधी सहीची तारीख राहिली म्हणून. एकदा तर नोटीस सरळ आहे का ते बघायला आला. मी दर वेळी त्याला काहीतरी लागट बोलायचे, तो दर वेळी शांतपणे खाऊन घ्यायचा – सँडविचही आणि बोलणंही. डॅडी खिडकीजवळच्या खुर्चीतून हे बघत असायचे. एकदा तो गेल्यावर डॅडी डाव्या ओठाने हसले आणि महिन्याभरात पहिल्यांदाच दोन शब्द सलग बोलले. "बरा... आहे."

"डोंबल बरा आहे!" मी म्हणाले. पण मेच्या दोन तारखेला तो आला नाही, तेव्हा मी खिडकीची काच तीनदा पुसली.

सहा मेला मी आईचा निळा झगा घालून सभागृहात गेले. पाच खुर्च्यांवर पाच जण. मधोमध अध्यक्ष ड्वाइट जेंट्री, ज्यांच्या जावयाचा हायवेवरचा तो नवा पंप. गावात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीही बोलत नव्हतं. डावीकडे लॉनी हस्की, डॅडींचा मासेमारीचा दोस्त. उजवीकडे मिस ओलेटा रेनवॉटर – आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही आदराने मिसच म्हणतात – वय चौऱ्याहत्तर, चर्चच्या रविवारच्या शाळेत मला शिकवलेल्या बाई, पाठीचा कणा ताठ. त्यांनी आयुष्यात कुठल्याही बिअरच्या अर्जाला होकार दिला नव्हता. उरलेले दोघे वारा येईल तिकडे पाठ फिरवणारे.

जेंट्रींनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांनी हार्लनला उभं केलं.

"ट्रेडवे, माप कुठून कुठवर घेतलंत?"

"चर्चच्या दारापासून दुकानाच्या दारापर्यंत, सर."

"आणि चर्चचं नवं स्वयंपाकघर? मागच्या वर्षी बाजूला बांधलेलं? नियमात इमारतीच्या भिंतीपासून माप घ्यायचं असं आहे ना? घेतलंत ते?"

 ते स्वयंपाकघर चर्चच्या लोकांनीच शनिवारी शनिवारी जमून उभं केलं होतं. गावात त्याला कुणी चर्च म्हणतच नाही – प्रार्थना करायची ते चर्च, बीन्स खायचे ते स्वयंपाकघर. हार्लनही एव्हाना याच गावचा झालेला, त्याच्याही डोक्यात आलं नव्हतं. ते त्याच्या तोंडावर मला स्पष्ट दिसलं. आणि हेही दिसलं, की एक 'हो' म्हटलं तर सगळं निभावून जाईल. कोण बघायला जाणार होतं?

"ते माप मी घेतलं नाही, सर," हार्लन म्हणाला.

"म्हणजे अहवाल अपुरा."

"हो... तेवढा अपुरा आहे."

"अहो, पण दोनशे एकोणऐंशी काय आणि दोनशे चाळीस काय!" मी उठूनच उभी राहिले. "तीनशेच्या आतच आहे ना? आतच आहे म्हणून तर सूट मागतेय मी!"

"कागद पुरे हवेत, बाळ," जेंट्री गोड आवाजात म्हणाले. "जूनच्या बैठकीत बघू."

जूनच्या! त्यांनी अर्ज फेटाळला नाही, बरं का. फेटाळला असता तर मी कोर्टात गेले असते. त्यांनी नुसता पुढे ढकलला. तीन हात वर झाले. लॉनी टेबलावर मूठ आपटत राहिला. मिस ओलेटांनी हात वर केला नाही, पण तेव्हा माझं तिकडे लक्षच नव्हतं. मी हार्लनकडे बघत होते.

बाहेर पाऊस भुरभुरत होता. तो धावत माझ्या गाडीपर्यंत आला.

"डार्ला – "

"मिस टिप्टन!"

"माझी चूक झाली. मी ते माप – "

"चूक झाली ते एक वेळ सोडा. पण तोंड गप्प ठेवता आलं नाही? त्या माणसाने तुमच्यापुढे खड्डा खणला आणि तुम्ही माझं दुकान उचलून त्यात टाकलंत! माझे वडील त्या खिडकीत बसून आहेत, ट्रेडवे. रोज सकाळी विचारतात – उघडलं? एकच शब्द येतो त्यांना नीट. उघडलं? आता मी काय सांगू?"

तो भिजत उभा राहिला. पापण्यांवरून पाणी ओघळत होतं, ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

"मी तिथे खोटं बोललो असतो," तो हळूच म्हणाला, "तर यानंतर मी तुम्हाला जे सांगणार होतो, त्यावर तुम्ही विश्वास ठेवला असता?"

"काय सांगणार होतात?"

त्याने मान खाली घातली. कान लाल.

"ठेवा तुमच्यापाशीच!" मी दार इतक्या जोरात आपटलं की आरसा वाकडा झाला. रस्ताभर मी त्याला शिव्या देत आले. आणि रडलेही, ते वेगळं. राग यायचा तो त्याच्या खरेपणाचा, आणि त्याहून जास्त स्वतःचा... कारण त्याने 'हो' म्हटलं असतं, तर मी त्याच्याकडे पुन्हा तशा नजरेने बघितलं नसतं, हे मला आतून पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता रस्त्यावर चाक कुरकुरताना ऐकू आलं. मुसळधार पाऊस, आणि हार्लन पिवळा रेनकोट घालून स्वयंपाकघराच्या भिंतीपासून माझ्या भिंतीपर्यंत येत होता. एकदा नाही, तीनदा. मी दारात हाताची घडी घालून उभी.

"दोनशे त्रेपन्न," तो म्हणाला. "अहवाल नऊ वाजता जमा होईल. आणि ऐका. दोन सदस्यांनी लेखी मागणी केली, तर बोर्डाची खास बैठक बोलवावीच लागते. अध्यक्षांना नाही म्हणता येत नाही. अट एवढीच, की दारावर दोन दिवस आधी नोटीस लागायला हवी. लॉनीने सही केलीय, काल रात्रीच मी त्याच्याकडे गेलो होतो. दुसरी सही मला मागता येत नाही... मिस ओलेटा माझ्या आत्या आहेत."

"मिस ओलेटा? त्या मला परवाना देतील? त्यांच्यापेक्षा जेंट्री बरे!"

"परवाना नका मागू. बैठक मागा."

मी त्याला कॉफीही दिली नाही. पण त्याच तिरमिरीत, अंगावरचा ॲप्रनही न काढता, मी चर्चमागच्या मिस ओलेटांच्या परसात गेले. पावसाने जरा उसंत घेतली होती आणि त्या बीन्सच्या वाफ्यात वाकून गोगलगायी वेचत होत्या.

"मॅम, मला सही हवी आहे."

"आधी गुड मॉर्निंग म्हणायचं असतं, डार्ला जून." रविवारच्या शाळेतही त्या मला अशीच पूर्ण नावाने हाक मारायच्या.

"गुड मॉर्निंग. मॅम, तुम्ही लोक तोंडावर 'नाही' का म्हणत नाही? चाळीस वर्षं या गावाने डॅडींची बिअर प्यायली. चर्चच्या लोकांना समोरच्या दाराने येताना लाज वाटते, म्हणून डॅडींनी बाजूला दार काढलं! आज ते पांगळे झाले तर त्या दारातून आत गेलेला एकही माणूस उभा राहत नाही. नको असेल दुकान, तर मारा ना मग! पण समोरून मारा. हे कॅलेंडरच्या आडून काय?"

 मिस ओलेटांनी कंबर सरळ केली. मग त्यांनी दुकानाकडे बघितलं.

"माझा कार्ल त्याच बाजूच्या दाराने जायचा," त्या म्हणाल्या. "माहीत आहे तुला?"

मला माहीत नव्हतं.

"एक दिवस मी तुझ्या बापाकडे गेले, ब्युफर्डकडे. म्हटलं, माझ्या नवऱ्याला विकू नकोस. त्याने एक प्रश्न विचारला नाही. त्या दिवसापासून कार्लला त्या दुकानात एक कॅन मिळाला नाही. कार्ल मग पलीकडच्या गावाला जाऊन प्यायला आणि त्यातच गेला, ती गोष्ट निराळी. त्यात ब्युफर्डचा दोष नाही." त्यांनी हातातली गोगलगाय डब्यात टाकली. "मी तुला 'नाही'च म्हणणार आहे, डार्ला. बिअर मला चर्चसमोर नको, आणि कुठेच नको. पण बैठकच झाली नाही, तर मी 'नाही' कुठे म्हणू? तो ड्वाइट माझं 'नाही' स्वतःच्या खिशात घालून बसलाय. आण तो कागद."

सोमवारी, बारा तारखेला खास बैठक झाली. मिस ओलेटांनी 'नाही' म्हटलं, इतक्या खणखणीत आवाजात की मागच्या भिंतीपर्यंत पोचलं. जेंट्रींनीही 'नाही' म्हटलं, जरा बारीक आवाजात. लॉनी 'हो'. आणि ते दोघे वाऱ्याचे भिडू, चाळीस लोक डोळे रोखून बघताहेत म्हटल्यावर, माना खाली घालून 'हो'.

तीन विरुद्ध दोन. मी हार्लनकडे बघितलं. तो भिंतीला टेकून उभा होता आणि कुणी शंभर पौंडांचं पोतं पाठीवरून उतरवावं तसा श्वास सोडत होता. मी नजर वळवली. माझा राग अजून गेला नव्हता, आणि तो इतक्यात जाऊ द्यायचीही माझी तयारी नव्हती.

पण परवाना हातात कुठे होता? तो टाइप करणाऱ्या बाई मंगळवारी येत नाहीत. बुधवारी जेंट्रींना सहीसाठी पेन सापडत नव्हतं, मग चष्मा. बुधवार, चौदा मे. मी सकाळपासून दुकान उघडून बसले होते. हिवाळ्याआधी आलेले बिअरचे चार खोके शीतकपाटात थंडगार. बाहेर असा पाऊस, की ओढ्यावरचा बुटका पूल दिसेनासा होत चाललेला.

साडेपाचला हार्लन आला. चिंब भिजलेला. शर्टाच्या आतून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढून त्याने माझ्या पुढ्यात ठेवला. माझ्या नावाचा परवाना. डॅडी खुर्चीत पुढे सरसावले.

"उघडलं?"

"उघडलं, डॅडी," मी म्हणाले.

"आता एक गिऱ्हाईक हवं," हार्लन म्हणाला. "आजच्या तारखेचं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं – आज बुधवार. आमच्याकडे बुधवारी संध्याकाळी सगळं गाव चर्चच्या स्वयंपाकघरात जेवायला जमतं – बीन्स, कॉर्नब्रेड, गोड चहा, मग प्रार्थना. रस्त्यापलीकडे दिवे लागले होते, गाड्यांची रांग लागली होती. त्या खिडक्यांसमोरून बिअर न्यायला या गावातला एक मायचा लाल येणार नव्हता! लॉनी ओढ्यापलीकडे अडकलेला. आणि मी स्वतःच स्वतःला विकलेला कॅन जेंट्रींनी मोजला नसता, हे सांगायला वकील नको.

"मी घेतो की," हार्लन म्हणाला, आणि कपाटातून एक कॅन काढून त्याने गल्ल्यापाशी ठेवला.

"लायसन्स दाखवा."

"काय?"

"वयाचा पुरावा. या राज्यात बिअर घेणाऱ्या प्रत्येकाने दाखवायचा असतो, तो शंभर वर्षांचा असला तरी. तुम्ही नगरपालिकेत आहात ना?"

त्याने खिसे चाचपले. मग त्याचा चेहरा पडला. "ट्रकमध्ये आहे. ट्रक पुलापलीकडे. घोट्यापर्यंत पाणी होतं म्हणून चालत आलो... आता कमरेएवढं असेल."

मी त्या कॅनकडे बघितलं, मग त्याच्याकडे. एकतीस वर्षांचा धडधडीत माणूस, कपाळाला दोन आठ्या. कोण बघायला येणार होतं? डॅडी? तोंडाशी आलेले शब्द मी तीनदा गिळले. देवा, किती राग आला मला! पावसाचा, जेंट्रींचा, त्या ट्रकचा. आणि सगळ्यात जास्त याचा, की याच माणसाने मला असं करून ठेवलं होतं.

मी कॅन उचलला आणि परत कपाटात ठेवला.

"नाही विकत," मी म्हणाले. "जा. पहिल्याच दिवशी खोटं नाही करणार मी. झालं समाधान? तुमच्यासारखीच झाले मी. दुकान बुडालं तरी चालेल, पण माप चुकता कामा नये! काय सांगणार होतात त्या दिवशी? सांगा आता, म्हणजे तेही एकदाचं होऊन जाऊ दे!"

हार्लनने ओले हात गल्ल्यावर टेकले. त्याच्या केसांतून पाणी टपटप गल्ल्यावर पडत होतं.

"हेच," तो म्हणाला. "की तू मला आवडतेस. तू चाक गळ्यात अडकवणार होतीस, त्या सकाळपासून. तू ओरडतेस ना... तेव्हा मला वाटतं, हिच्याजवळ कधी अंदाज बांधायला लागणार नाही. जे आहे ते तोंडावर." तो थांबला. "नोटीस सरळच होती, डार्ला. मी उगाच यायचो."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. माझ्या! आणि तेवढ्यात दार उघडलं.

मिस ओलेटा. प्लॅस्टिकची टोपी, हातात छत्री, ॲप्रनवर बीन्सचा डाग. त्या समोरच्या दारातून आल्या होत्या. आमच्या दोघांकडे त्यांनी एकदा बघितलं, मग कपाटापाशी गेल्या, एक कॅन काढला आणि गल्ल्यावर आणून आपटला.

"किती?"

"मॅम... तुम्ही?"

"गोगलगायींसाठी. बशीत ओतून ठेवली की रात्रीत येऊन बुडून मरतात. माझे बीन्स खाऊन टाकले मेल्यांनी. किती ते सांग."

 मी हात पुढे केला.

"लायसन्स, मॅम."

"मी तुझ्याकडून बायबलच्या दहा आज्ञा पाठ करून घेतल्यात, डार्ला जून!"

"हो, मॅम. लायसन्स."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला पुन्हा सात वर्षांची झाल्यासारखं वाटलं. मग पर्स उघडली, लायसन्स काढून माझ्या नाकासमोर धरलं. मी जन्मतारीख नीट वाचली. बटण दाबलं. गल्ला खणकन उघडला, आणि खिडकीपाशी डॅडींचा डावा हात वर गेला.

मी कॅन खाकी पिशवीत घालायला घेतला. आमच्याकडे सगळे तसाच नेतात.

"पिशवी नको," मिस ओलेटा म्हणाल्या. "मी तुला 'नाही' म्हटलं ते उजेडात म्हटलं. हा पण उजेडातच नेईन. ब्युफर्ड, तब्येतीला जप."

आणि त्या निघाल्या. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पिशवीशिवाय, चकाकणारा बिअरचा कॅन, रस्त्याच्या मधोमध, पावसात, स्वयंपाकघराच्या सगळ्या उजळलेल्या खिडक्यांसमोरून. खिडक्यांत एक एक डोकं येत गेलं. जेंट्रींचंही आलं. त्या कुणाकडेही न बघता तशाच, ताठ, आत गेल्या.

डॅडी हसत होते, आवाज न करता, खांदे हलवत. मी हसायला लागले आणि मग मला रडू आलं, आणि हार्लनने गल्ल्यावरून हात पुढे केला. हात गार पडला होता. मी तो धरला. आत कुठे राग उरलाय का म्हणून मी शोधून बघितलं. सहा महिन्यांचा साठा होता माझ्याकडे, इतक्यात कसा संपेल? थोडा सापडला.

"हार्लन ट्रेडवे, पुन्हा लायसन्सशिवाय आलास तर बघ."

"उद्या घेऊन येतो."

"परवाही लागेल."

"परवाही?"

"रोज. मी रोज बघणार."

"आणि समज... लग्न झाल्यावर?"

"तरी दाखवायचं," मी म्हणाले. "कायदा आहे."

आणि गल्ल्यावरून वाकून मी त्याचं तोंड बंद केलं. डॅडींनी खुर्ची रस्त्याकडे वळवून घेतली.